घोंगडींतली ठिणगी आणि आभाळांतली वीज

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या गांव-सभेंत दिलेलें व्याख्यान)



आजचा विषय ऐकून तुम्हांपैकीं कित्येकांस वाटलें असेल कीं, विजेचें शास्त्र हें शिकलेल्या लोकांचें काम; आम्हां नांगर धरणारांस, माग चालविणारांस, ऐरणीवर घण घालणारांस त्याचें काय प्रयोजन? पण मंडळी, या विषयाची पहिली ओळख आपल्या घरांतच होते. पौष-माघाच्या कोरड्या थंडींत, रात्रीं दिवा मालवल्यावर, अंगावरची घोंगडी झटकन ओढली म्हणजे चटचट आवाज होतो आणि बारीक निळसर ठिणग्या दिसतात. हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. वळवाच्या पावसांत जी वीज आभाळांत कडाडते आणि झाडाखालीं उभ्या असलेल्या माणसाचा प्राण घेते, ती आणि ही घोंगडींतली ठिणगी मुळांत एकच वस्तु आहे. फरक आहे तो लहानमोठेपणाचा.

आम्ही हा विषय मुद्दाम कां घेतला तें सांगतों. आमच्या लहानपणीं आमच्या गांवीं भांगलणीस जाणाऱ्या बायकांत तेरा-चौदा वर्षांची एक पोर होती. ती जन्मतांना पायांकडून आलेली, म्हणून सारा गांव तिला पायाळू म्हणे. आणि पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत तुम्हांस ठाऊक आहेच. एके दिवशीं दुपारीं आभाळ भरून आलें, गडगडाट सुरू झाला, तशा सगळ्या बायका बांधावरच्या खोपींत शिरल्या. पोर मागून धांवत आली. तेव्हां आंतल्या एका वडीलधाऱ्या बाईनें तिला दारांतच थांबविलें आणि म्हटलें, "बाई, तूं तिकडं लांब उभी ऱ्हा. तुझ्यापायीं आम्ही समद्या मरूं." पोर मुकाट्यानें मागें फिरली आणि मोकळ्या रानांत पावसांत जाऊन उभी राहिली.

त्या दिवशीं वीज कोठेंच पडली नाहीं. परंतु पुढें पावसाळ्यांत त्या पोरीस कोणी कामावर बोलाविलें नाहीं, आणि गरीब घरची ती मजुरी बुडाली ती बुडालीच. त्या खोपींत आमची आईहि होती. ती कांहीं दुष्ट बाई नव्हती. तिला जिवाची भीति होती, आणि ती भीति घालविण्याचें ज्ञान तिला कोणीं दिलें नव्हतें. तें ज्ञान आज आपण घेऊं. आधीं ठिणगी समजून घेऊं, मग वीज, आणि शेवटीं पायाळूपणाचा निकाल लावूं.

घरीं करून पाहण्याजोगे चार प्रयोग आहेत. त्यांस पैसा लागत नाहीं. पहिला: प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून दहा-वीस वेळां फिरवावा आणि कागदाच्या कपट्यांजवळ किंवा कापसाच्या तंतूंजवळ धरावा. कपटे उडी मारून कंगव्यास चिकटतात. आणि नीट पाहिलें तर कांहीं कपटे चिकटल्यावर क्षणभरानें आपण होऊन दूर फेकले जातात. दुसरा: तोच कंगवा पाण्याच्या अगदीं बारीक धारेजवळ न्यावा. धार कंगव्याकडे वांकते. तिसरा: दोन फुगे दोऱ्यांनीं शेजारी-शेजारीं टांगावे व दोन्ही लोकरीनें घासावे. ते एकमेकांपासून दूर सरतात; पण ज्या लोकरीनें घासले ती जवळ आणली तर तिच्याकडे ओढले जातात. चौथा: हेच प्रयोग श्रावणांतल्या झडींत करावे. बहुधा फसतात. या चार गोष्टींचा उलगडा झाला कीं, विषयाचा पाया झाला.

घासलेली वस्तु हलक्या वस्तूंस ओढते हें मनुष्यास अडीच हजार वर्षांपासून ठाऊक आहे. समुद्रकांठीं सांपडणारा पिवळा राळेसारखा खडा ग्रीक लोक घासून पाहात. त्या खड्यास ते इलेक्ट्रॉन म्हणत, व इलेक्ट्रिसिटी हा शब्द त्यावरून निघाला. फारशींत त्याच खड्यास काहरुबा, म्हणजे गवताची काडी ओढून नेणारा, आणि संस्कृतांत तृणमणि म्हणतात. इंग्लंडांतील विल्यम गिल्बर्ट नांवाच्या वैद्यानें १६०० सालीं ग्रंथ छापून दाखविलें कीं, हा गुण एकट्या त्या खड्याचा नाहीं. कांच, गंधक, लाख अशा पुष्कळ वस्तूंत तो आहे.

याच्या पुढचें मोठें पाऊल एका रंगाऱ्यानें टाकलें. स्टीफन ग्रे हा कँटरबरी गांवच्या रंगाऱ्याचा मुलगा. स्वतःहि कापड रंगविण्याचाच धंदा करी. १७२९ सालीं तो एक कांचेची नळी घासून पिसें ओढण्याचा प्रयोग करीत होता. धूळ आंत जाऊं नये म्हणून नळीच्या तोंडास बूच बसविलें होतें. घासली होती कांच, पण पीस ओढलें जाऊं लागलें बुचाकडे! दुसरा कोणी असता तर मौज पाहून सोडून देता. ग्रेनें विचारलें, हा गुण कांचेंतून बुचांत गेला, तर आणखी कोठवर जाईल? त्यानें बुचास काडी जोडली, काडीस दोरा जोडला, आणि दोरा लांबवीत नेला. आडवा दोरा टांगण्यास त्यानें रेशमाचे फांस केले, तेव्हां गुण दूरवर पोंचला. एकदां रेशीम तुटलें, म्हणून तितकीच बारीक पितळेची तार लावली, तर पलीकडे कांहींच पोंचेना. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, फांस बारीक असण्याशीं याचा संबंध नाहीं. रेशीम या गुणास अडवून धरतें आणि पितळ त्यास वाट करून देतें. अशा रीतीनें त्यानें सहाशें फुटांहून अधिक अंतरावर हा गुण नेऊन दाखविला. लंडनच्या रॉयल सोसायटीनें आपलें कोप्ले पदक १७३१ सालीं पहिल्यानें कोणास दिलें असेल, तर तें या रंगाऱ्यास.

ग्रेच्या या शोधामुळें सृष्टींतील वस्तूंचे दोन वर्ग पडले. धातु, ओली जमीन, खारें पाणी, हिरवें झाड, जनावर आणि मनुष्याचें शरीर हे वाहक. यांतून विजेचा भार वाहून जातो. रेशीम, लोकर, लाख, कांच, रबर, प्लॅस्टिक, कोरडें लांकूड हे अवाहक. यांवर भार बसला तर जागच्या जागीं बसून राहतो. जागीं बसलेल्या या भारासच स्थिर विद्युत् म्हणतात. मनुष्य वाहक आहे हेंहि ग्रेनेंच दाखविलें: १७३० सालीं एका मुलास रेशमी दोरांवर आडवें टांगून त्यास घासलेली नळी लावली, तेव्हां हलक्या वस्तु त्याच्याकडे उडूं लागल्या. हा मुलगा पायाळू होता कीं डोयाळू, तें कोणीं विचारलें नाहीं. कोणतेंहि मूल टांगलें असतें तरी तेंच झालें असतें. ही गोष्ट ध्यानांत ठेवा. शेवटीं कामास येईल.

पुढें १७३३ सालीं फ्रान्सांत ड्यू फे यानें दाखविलें कीं, हा भार दोन प्रकारचा आहे. रेशमानें घासलेल्या कांचेवर एक प्रकारचा आणि लोकरीनें घासलेल्या लाखेवर दुसऱ्या प्रकारचा. सारखे भार एकमेकांस लोटतात, निराळे भार एकमेकांस ओढतात. आपल्या दोन फुग्यांचें कोडें येथें सुटलें. दोघांवर भार एकाच प्रकारचा, म्हणून ते दूर गेले. लोकरीवर उलट प्रकारचा, म्हणून तिच्याकडे ओढले गेले.

या दोन भारांस धन आणि ऋण अशीं नांवें ज्यानें दिलीं तो बेंजामिन फ्रँकलिन. साबण व मेणबत्त्या करणाऱ्या बापाच्या सतरा मुलांपैकीं हा पंधरावा. शाळा दोनच वर्षें झाली. बाराव्या वर्षीं भावाच्या छापखान्यांत उमेदवारीस लागला. त्यानें सांगितलें कीं, घासण्यानें भार नवा उत्पन्न होत नाहीं. एका वस्तूंतला दुसरींत जातो, आणि एकींत जितकें वाढलें तितकेंच दुसरींत कमी होतें. एका कणगींतले चार पायली जोंधळे दुसऱ्या कणगींत ओतले तर घरांतले एकंदर जोंधळे तितकेच राहतात, तसें हें आहे.

जातें तें काय, हें मात्र १८९७ सालीं जे. जे. टॉमसन यानें इलेक्ट्रॉन शोधून काढला तेव्हां उमगलें. प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला. अणूच्या मध्यभागीं धनभाराचे प्रोटॉन, आणि भोंवतीं ऋणभाराचे इलेक्ट्रॉन. दोन्हींची बेरीज सारखी, म्हणून एरवीं वस्तूवर भार दिसत नाहीं. घासतांना कांहीं इलेक्ट्रॉन एका वस्तूवरून दुसरीवर जातात. कंगव्यानें केसांचे इलेक्ट्रॉन घेतले, म्हणून कंगवा ऋण झाला आणि केस धन. धन झालेले केस एकमेकांस लोटतात. म्हणून थंडींत विंचरल्यावर ते उभे राहतात.

आतां कागदाच्या कपट्यावर तर भार नव्हता, मग तो कां ओढला गेला? ऋण कंगवा जवळ आला कीं, तो कपट्यांतल्या ऋणभारास किंचित् पलीकडे लोटतो व धनभारास अलीकडे ओढतो. जवळच्या भाराची ओढ मोठी, दूरच्याचें लोटणें लहान. म्हणून एकंदर ओढ जिंकते. अंतर दुप्पट केलें तर जोर चौथाई उरतो, तिप्पट केलें तर नववा हिस्सा, असा नियम फ्रान्सांतील कूलाँ यानें १७८५ सालीं मोजून काढला. कपटा चिकटल्यावर कंगव्याचा थोडा ऋणभार त्याच्यावर चढतो, दोघे सारखे होतात, आणि कपटा फेकला जातो. राहिला श्रावणाचा प्रश्न. दमट हवेंत प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा अगदीं पातळ थर बसतो. ओल वाहक, ती भार जमूं देत नाहीं. म्हणून ठिणगी दिसते ती कोरड्या थंडींत.

ठिणगी म्हणजे काय तें सांगतों. हवा अवाहक खरी, पण तिलाहि सहनशक्ति आहे. विजेचा दाब व्होल्टांत मोजतात. आपल्या घरच्या तारेंत तो सुमारें २३० असतो. दोन टोकांमधल्या एक सेंटिमीटर कोरड्या हवेवर सुमारें ३०,००० व्होल्टांचा दाब पडला कीं हवा फुटते, वाट देते, आणि भार एका क्षणांत उडी घेतो. तोच उजेड व तोच चट आवाज. कोणी विचारील, घोंगडींतली ठिणगी हजारों व्होल्टांची, मग मनुष्य मरत कसा नाहीं? उत्तर सोपें आहे. माळ्यावरून पाण्याचा एक थेंब डोक्यावर पडला तर कांहीं होत नाहीं. भरलेला हंडा पडला तर डोकें फुटतें. उंची तीच, पण ऐवज निराळा. घोंगडीवरचा भार थेंबाएवढा आहे. ढगांतला भार हंड्याएवढाहि नव्हे, धरण फुटल्याएवढा आहे.

ढगांत हा भार येतो कोठून? वैशाखांत जमीन तापते, ओली हवा जोरानें वर चढते आणि कित्येक किलोमीटर उंचीचा काळा ढग उभा राहतो. वरच्या कडक थंडींत पाण्याचे बर्फकण होतात, त्यांत मऊ गाराहि बनतात. वर चढणारे हलके बर्फकण आणि खालीं येणाऱ्या जड गारा एकमेकांवर आदळतात, घासतात. बहुधा गारांकडे ऋणभार येतो, कणांकडे धनभार. मग सुपांत धान्य पाखडतांना जड दाणे खालीं आणि हलका भुसा वर जसा निराळा होतो, तसा वारा त्यांस निराळे करतो. ढगाचा माथा धन होतो व तळ ऋण. त्या तळाखालची जमीन आपल्या कागदाच्या कपट्याप्रमाणेंच धन होते. दाब वाढत वाढत हवेची सहनशक्ति संपली कीं वीज कोसळते. तिच्या वाटेवरची हवा सुमारें ३०,००० अंशांपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पांचपट. ती हवा एकदम फुगते, तो कडकडाट. उजेड तत्काळ दिसतो, आवाज मागून एका किलोमीटरास तीन सेकंद या वेगानें येतो. म्हणून चमक दिसल्यापासून आंकडे मोजावे. नऊ मोजतांच आवाज आला तर वीज तीन किलोमीटरांवर आहे.

आभाळांतली वीज आणि घासलेल्या कांचेची ठिणगी एकच आहे हें सिद्ध करण्याची युक्ति फ्रँकलिननेंच सांगितली. त्याप्रमाणें १० मे १७५२ रोजीं फ्रान्सांत मार्ली गांवीं उंच लोखंडी दांडा उभारून एका जुन्या शिपायानें ढगाच्या भाराची ठिणगी काढली. आणि त्याच वर्षीं जूनमध्यें फ्रँकलिननें अमेरिकेंत पतंग उडवून तेंच केलें. त्याच्या पतंगावर वीज पडली नव्हती. ढगाचा थोडा भार ओल्या दोरींतून खालीं उतरला, एवढेंच. वीज पडती तर तो जगता ना. १७५३ सालीं रशियांत रिखमान नांवाचा शास्त्रज्ञ अशाच प्रयोगांत जागच्या जागीं मेला. म्हणून सांगतों, हा प्रयोग कोणींहि करूं नये. या शोधाचें फळ म्हणजे इमारतींवरचा वीजरोधक दांडा. तो भारास जाड तारेनें सरळ जमिनींत नेतो व घर वांचवितो.

भोळेपणा आपल्याकडेच आहे असें मात्र समजूं नका. युरोपांत कित्येक शतकें समजूत होती कीं, देवळाची घंटा वाजविली म्हणजे वीज दूर जाते. देवळाचा मनोरा गांवांत सर्वांत उंच, आणि घंटेचा दोर पावसानें भिजलेला! जर्मनींत १७८४ सालीं छापलेल्या एका पुस्तकांत हिशेब दिला आहे कीं, तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजविणारे मेले. समजूत नुसती खोटी असते तेवढेंच नाहीं. ती माणसास नेमकी मरणाच्या जागीं नेऊन उभी करते.

आतां जिवाची गोष्ट. सरकारी नोंदींप्रमाणें भारतांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक माणसें विजेनें मरतात. त्यांत बहुतेक शेतांत राबणारीं, गुरें राखणारीं, रानांतून घरीं परतणारीं. मराठवाडा-विदर्भांत हा घाला नेहमींचा. म्हणून पुढील गोष्टी नीट ऐका आणि घरीं सांगा.

गडगडाट कानीं आला कीं वीज तुमच्यापर्यंत पोंचूं शकते असें समजावें. पाऊस सुरू होण्याची वाट पाहूं नये. काम टाकून पक्क्या घरांत जावें, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडूं नये. बांधावरची खोप, मांडव, गवती छप्पर हीं पावसापासून वांचवितात, विजेपासून नाहीं.

एकट्या उंच झाडाखालीं कधीं उभें राहूं नये. आंब्याच्या किंवा लिंबाच्या ओल्या बुंध्यांतून उतरणारी वीज शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी घेते, कारण खारट रक्तपाण्याचें शरीर ही तिला अधिक सोपी वाट असते. बैल झाडाखालीं बांधूं नये. वीज झाडांतून जमिनींत पसरते तेव्हां जवळच्या जमिनीवर दाब अधिक, दूरच्या जमिनीवर कमी. बैलाचे पुढचे व मागचे पाय लांब-लांब, म्हणून एका पायांतून दुसऱ्या पायांत वीज त्याच्या छातींतून जाते. एका झाडाखालीं साऱ्या शेळ्या मरून पडतात त्या याच कारणानें. मनुष्य उघड्यावर सांपडलाच तर त्यानें पाय जुळवून उकिडवें बसावें, हात जमिनीस टेकूं नयेत, आडवें मुळींच पडूं नये. बरोबरचे लोक एकमेकांपासून दूर-दूर बसावे. उंच माळ, तारेचें कुंपण, विहीर, तळें, विजेचा पंप व खांब यांपासून दूर व्हावें.

बंद टपाची मोटार किंवा एस. टी. मिळाली तर कांचा लावून आंत बसावें. ती टायरांमुळें वांचविते असें लोक म्हणतात, तें खरें नव्हे. ती वांचविते आपल्या लोखंडी कवचामुळें. हें दाखविलें मायकेल फॅरडेनें. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करतां करतां बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शहाणा झाला. १८३६ सालीं त्यानें बारा फूट लांब-रुंद-उंच चौकट करून ती धातूनें मढविली, स्वतः आंत बसला, आणि बाहेरून यंत्रानें भार चढविला. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आंत त्याच्या नाजुक यंत्रांस पत्ताहि नव्हता. भार धातूच्या बाहेरच्या अंगानें जातो. दुचाकीस आणि उघड्या ट्रॅक्टरास असें कवच नाहीं. त्यांवर बसूं नये.

कोणावर वीज पडली तर त्याच्या अंगांत वीज राहत नाहीं. लागलीच हात लावावा. बहुतेक मरतात ते हृदय थांबल्यामुळें. श्वास व हालचाल नसेल तर उताणें निजवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनीं मिनिटास शंभर ते एकशेंवीस वेळां जोरानें दाबावें, आणि दुसऱ्यानें १०८ क्रमांकास हांक द्यावी. कांहीं प्रांतांत अशा माणसास शेणांत किंवा मातींत पुरून ठेवतात. त्यांत जगण्याची वेळ निघून जाते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें 'दामिनी' नांवाचें मोबाईलवरचें साधन केलें आहे. तें जवळपास वीज पडण्याची सूचना आधीं देतें. घरांत ज्या मुलास वाचतां येतें त्यानें तें घेऊन ठेवावें.

धंद्याच्याहि दोन गोष्टी सांगतों. फवारणीच्या पंपासाठीं पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्यें भरतांना कॅन गाडीवर किंवा मांडीवर ठेवूं नये, जमिनीवर ठेवावा. ओततांना तेलाच्या घसटीनें भार जमतो, आणि पेट्रोलच्या वाफेस घोंगडीएवढी ठिणगी पुरते. विणकर बंधूंस ठाऊक आहे कीं, कोरड्या दिवसांत पॉलिएस्टरचें सूत फिसकारतें, तंतु उभे राहतात, चिकटतात, तुटतात. सुतास भूत लागलेलें नाहीं. भार लागला आहे. कारखान्यांत हवा ओली ठेवतात ती यासाठींहि, आणि मागाचा लोखंडी सांगाडा जमिनीस तारेनें जोडलेला असावा.

हाच भार आपल्या पदरांत कामहि घालतो. तालुक्यास जाऊन तुम्ही सात-बाराची झेरॉक्स काढतां. ती याच कंगव्या-कपट्याच्या खेळावर चालते. भार चढविलेल्या पट्टीवर उजेड पडतो तेथला भार निघून जातो, अक्षरांच्या जागीं राहतो, आणि काळी भुकटी तेवढ्या जागींच चिकटते. ही युक्ति चेस्टर कार्लसन यानें २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं साधली. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा त्यानें सुती रुमालानें घासला होता. तो एका आजारी न्हाव्याचा मुलगा. लहानपणींच घर पोसण्यास कामाला लागलेला. रंगारी, साबणवाल्याचा मुलगा, लोहाराचा मुलगा, न्हाव्याचा मुलगा: या शास्त्राचे खांब असे आहेत. मंडळी, हातानें काम करणारास जो प्रश्न सुचतो तो पुष्कळदां पोथी पाठ करणारास सुचत नाहीं. आपल्या पोरांस प्रश्न विचारूं द्या.

आतां पायाळूपणाचा निकाल. वीज जिकडे उंची आहे आणि सोपी वाट आहे तिकडे जाते. जन्मतांना डोकें आधीं आलें कीं पाय, याची खूण शरीराच्या भारावर राहत नाहीं. रक्त तेंच, खारें पाणी तेंच. हिशेबहि करून पाहा. शंभर बाळंतपणांत तीन-चार मुलें पायांकडून किंवा बुडाकडून येतात. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गांवांत अशीं साठ-ऐंशी माणसें असावींत. त्यांतलीं किती विजेनें मेलीं? आणि विजेनें जीं मेलीं, त्यांतलीं किती पायाळू होतीं? तुमच्या गांवची मोजदाद तुम्हींच करा. एखादा पायाळू मेला तर लोक पिढ्यान्पिढ्या सांगतात; दुसरे मेले त्यांचा जन्म कोणी विचारीत नाहीं.

त्या पोरीस मोकळ्या रानांत उभें केलें, तेव्हां सपाट शेतांत सर्वांत उंच वस्तु तीच झाली. तिच्यामुळें कोणास धोका नव्हता. धोक्यांत तिलाच घातलें होतें. आणि खोपींत शिरलेल्या बायका स्वतःस सुरक्षित समजत होत्या, त्याहि सुरक्षित नव्हत्या. एका खोट्या समजुतीनें दोघींचें भान हरपलें.

पुष्कळ वर्षांनीं आम्हीं हें सारें आईस समजावून सांगितलें. ती बराच वेळ गप्प बसली आणि एवढेंच म्हणाली, "तवा कुणी सांगितलं असतं तर."

मंडळी, आज तुम्हांस सांगितलें आहे. घरीं जाऊन मुलांबरोबर कंगव्याचा प्रयोग करा. आभाळ गडगडलें कीं काम सोडून गांव गांठा, बैल झाडाखालून सोडा, आणि जें मूल मागें राहिलें असेल त्यास हांक मारून आंत घ्या. त्याचा जन्म कसा झाला हें विचारूं नका. एवढें झालें तरी आमच्या बोलण्याचें सार्थक झालें.